आत्यासाठी डबा

रविवारी सकाळी भंगाराच्या आवारात फुगे लागले, आणि आज काहीतरी विपरीत घडल्याशिवाय राहत नाही हे थोरलीनं ओळखलं. लग्न करून या घरात आल्यापासून तिनं या आवारात क्रेन पाहिली होती, गंजलेल्या टाक्या पाहिल्या होत्या, टाक्यांवर झोपलेली कुत्री पाहिली होती. फुगे पहिल्यांदाच. आणि तेही रेल्वेच्या डब्याला.

डबा एकटाच उरला होता. त्याच्यामागून आलेल्या डब्यांची कामं कधीच उरकली होती. पत्रा एकीकडे, तांबं एकीकडे, चाकं कुंपणाला टेकवलेली, बाकांच्या फळ्यांचा ढीग ताडपत्रीखाली. पुढे चालकाची केबिन असलेला हा शेवटचा डबा तेवढा धाकट्या दिराच्या हट्टापायी थांबवून ठेवला होता.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे फुगे आधी काढायचे, की फुग्यांसकट कापायचं?"

"त्याला विचार," थोरला वजनकाट्यावरून म्हणाला. "आज माझ्याच आवारात मी पाहुणा आहे."

'तो' म्हणजे धाकटा, शिडीवर चढून फलक बांधत होता. आठवडाभर विमा कंपनीत बसून लोकांचे अर्ज नामंजूर करायचे आणि रविवारी हळवं व्हायचं, असा त्याचा नेम होता. लोहमार्गप्रेमी मंडळाचा तो चिटणीस. शहरातली जुनी उपनगरी गाडी कायमची बंद झाली, त्या आठवड्यात त्याला नीट जेवण गेलं नव्हतं. तिचे डबे मोडीत काढायचं काम नेमकं सख्ख्या भावाला मिळालं, तेव्हा तर दोघांमधलं बोलणंच बंद झालं. जे काही निरोप जायचे ते दोघांच्या बायकांच्या मार्फत, आणि दोघी जावा त्यात आपापल्या परीनं तिखटमीठ घालायच्या.

मंडळ आलं. सगळ्यांचे सदरे एकसारखे, छातीवर डब्याचं चित्र. मोटारी लावायला जागा पुरेना. उपनगरी गाडीवर एवढा जीव असलेला एकही माणूस उपनगरी गाडीनं आला नव्हता. नवी गाडी ही गाडीच नव्हे, असं त्यांचं मत होतं, आणि त्या मतासाठी त्यांना नव्या गाडीत बसायची गरज पडली नव्हती. एकजण लांब दांडीचा मायक्रोफोन घेऊन आवाज टिपायला आला होता. डब्याखालची मोटर महिन्यापूर्वीच निघाली होती, त्यामुळे तो डोळे मिटून दरवाज्याची करकर टिपत बसला. एक बाई प्रत्येक रिबिटचा जवळून फोटो घेत होत्या. एक गृहस्थ इकडेतिकडे बघत खिडकीची कडी पिळत होते.

"काय करताय?" थोरल्यानं विचारलं.

"आठवण म्हणून..."

"आठवण इथे किलोवर जाते."

गृहस्थांनी कडी सोडली आणि खिन्न चेहरा करून डब्यावर हात फिरवला. हाताला गंज लागला, तो त्यांनी हळूच फुग्याला पुसला.

तेवढ्यात धाकटी आत्याला घेऊन आली. आजची प्रमुख पाहुणी आत्याच. याच गाड्या तिनं आयुष्यभर चालवल्या होत्या. त्या काळात त्या कामावरची ती एकटी बाई. भाऊ-भावजय एकापाठोपाठ गेल्यावर त्यांची दोन पोरं तिनं पदरात घेतली, लग्नाचं नाव काढलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर तिची रीतसर वाटणी झाली. हिवाळ्यात ती वरच्या मजल्यावर थोरल्याकडे राहायची, उन्हाळ्यात खाली धाकट्याकडे. पावसाळ्याचा वाद अजून मिटायचा होता.

आत्याला पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवून धाकटी जावेकडे आली आणि तिला ताडपत्रीच्या आडोशाला घेऊन गेली. एरवी या दोघी एकमेकींना असं बाजूला घेत नसत.

"वहिनी, एक सांगायचंय. रागावू नका. हा डबा कापायचा नाही असं आम्ही ठरवलंय."

"तुम्ही ठरवलंय? डबा कुणाचा?"

"ऐका तर. डबा आपल्या घरामागच्या मोकळ्या जागेत ठेवायचा. आत लाकडी जमीन करायची, पंखा, पलंग, पडदे. आणि आत्या त्यात राहतील."

थोरलीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आत्या खाली गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं आत्याच्या खोलीत जागच्या जागी चालायचं यंत्र आणून बसवलं होतं. ते आता कुठे हलवायचं, हा प्रश्न तिला रोज यंत्रावर चालताना पडत होता.

"कायमच्या?" तिनं विचारलं.

"कायमच्या. ना वर, ना खाली. त्यांना त्यांचं स्वतःचं. आणि आमच्या कन्येला परीक्षेच्या वर्षात अभ्यासाला खोली."

"भाऊजींनी काढली ही कल्पना?"

"डबा वाचवायचा एवढीच त्याची कल्पना. आत्यांना त्यात मी बसवलं."

थोरलीनं जावेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या बाईच्या हुशारीची आपण कदर केली नाही, याचं तिला मनापासून वाईट वाटलं. मग ती पदर खोचून नवऱ्याकडे गेली.

थोरल्याला त्या मोकळ्या जागेत गोदाम बांधायचं होतं. त्यानं बायकोचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे डबा माझा, क्रेन माझी, जागेतला अर्धा वाटा माझा. मंडळाचं काय?"

"मंडळाचं प्रेम," थोरली म्हणाली. "अहो, हो म्हणून टाका. दरवर्षीची ने-आण संपेल. त्यांचे गुडघे आता जिन्याला कुरकुरतात."

थोरल्यानं डब्याकडे पाहिलं. डब्याची पायरी छातीएवढ्या उंचीवर होती. ते बोलून दाखवायचं त्यानं टाळलं. शिडीवरून उतरलेला धाकटा समोर येऊन उभा होता. कित्येक महिन्यांनी दोघे भाऊ समोरासमोर आले होते.

"दादा, चालेल ना?"

"तिला विचारलंस?"

"सरप्राइज आहे."

"माणसाला घरातून डब्यात काढायचं, तेही न विचारता?"

"अरे, तिचं अख्खं आयुष्य गेलंय त्यात!"

"म्हणून तर म्हणतोय, विचार." पण मागे बायको उभी होती. थोरल्यानं हातातले मोजे खिशात कोंबले. "ठेवा. काय करायचं ते करा."

अशा रीतीनं चारही जणांचं एकमत झालं. या घराच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं, आणि ज्या माणसाविषयी घडत होतं ते माणूस दहा पावलांवर खुर्चीत बसून उन्हानं डोळे बारीक करत होतं.

आत्या अध्यक्षांचं भाषण ऐकत होती. ऐकत होती म्हणजे संपायची वाट बघत होती. आठवडाभर तिला घरात एक गोष्ट सांगायची होती. पण जेवायला बसलं की धाकटा डब्याचा विषय काढायचा, धाकटी त्याला गप्प करायची, मग नात रुसायची, आणि आत्याची गोष्ट ताटात निवून जायची. आज रात्री सांगू, असं ती रोज ठरवत होती.

"ही गाडी म्हणजे केवळ लोखंड नव्हे!" अध्यक्ष म्हणाले. ते औषधांचे घाऊक व्यापारी होते. "ही माउली होती! हिनं आपल्याला पोटाशी धरून कामावर नेलं!"

हे स्वतः मोटारीनं जायचे, आत्याला आठवलं. फाटक बंद असलं की हॉर्न वाजवून कान किटवायचे ते असलेच.

"आणि आज सांगायला आनंद होतो, की या माउलीवर कटर चालणार नाही! या दोन थोर बंधूंनी ठरवलंय, की हा डबा त्यांच्या घरामागे विसावेल आणि त्यात आपल्या आत्या राहतील! आत्या परत आपल्या डब्यात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकट्यानं फळ्यावरचं कापड ओढलं. फळ्यावर रंगीत चित्र होतं. डबा, डब्यासमोर कुंड्या, आणि दारात झुलत्या खुर्चीत बसलेली एक हसरी म्हातारी. म्हातारीचे केस पांढरेशुभ्र होते. आत्या केस काळे करायची.

तिनं चित्राकडे बराच वेळ पाहिलं. मग चौघांकडे पाहिलं. धाकट्याचे डोळे भरून आले होते. धाकटी आणि थोरली खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. त्यांना असं उभं राहिलेलं आत्यानं लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. थोरला जमिनीकडे बघत होता.

"आत्या, दोन शब्द!" अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक पुढे केला.

आत्या उठली. "मला भाषण येत नाही. या डब्यात काय होतं ते सांगते. उन्हाळ्यात केबिनचा पत्रा असा तापायचा, की कोपर लागलं तर फोड यायचा."

"वा!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"वा काय? फोड यायचा. दांड्यावरचा हात उचलला की गाडी जागच्या जागी थांबायची. म्हणजे सगळी पाळीभर तो हात गाडीचा, माझा नाही. नाक खाजवायचं तर दुसऱ्या हातानं. पावसाळ्यात काचेच्या फटीतून पाणी यायचं ते बरोबर मांडीवर."

मायक्रोफोनवाल्यानं डोळे मिटले होते. रिबिटवाल्या बाई डोळे टिपत होत्या.

"आणि संडास नव्हता," आत्या म्हणाली. "पुरुष कुठेही आडोसा बघायचे. मी पाणी प्यायचं सोडलं. त्याची दुखणी अजून घेऊन हिंडते आहे."

"काय ते दिवस!" अध्यक्ष गहिवरून म्हणाले.

आत्यानं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग ध्वनिक्षेपक तोंडाशी आहे याचं भान न ठेवता, किंवा ठेवून, ती घरच्यांना म्हणाली, "आणि त्यात मला राहायला पाठवताय होय? संडास बसवलात का आता?"

"बसवणार आहोत ना, आत्या," धाकटी घाईनं म्हणाली. "बाहेरून जोडून."

"पायरी?"

थोरल्यानं मान आणखी खाली घातली.

"तुमच्या मायेला काही तोड नाही," आत्या म्हणाली. "पण मी जाणार आहे. नव्या गाड्यांच्या चालकांना शिकवायला माणूस हवाय, प्रशिक्षण केंद्रात. त्यांनी मला बोलावलं. राहायला खोली देतायत. मी नवी गाडी चालवून पाहिली. केबिनमध्ये गार हवा येते. खुर्ची पाठीला टेकते. ब्रेक लावला तर मागच्या माणसाचा चहा सांडत नाही. मी त्यांना म्हटलं, उद्याच येऊ का?"

मंडळात कुजबुज झाली. आपल्याच प्रमुख पाहुणीनं पक्ष बदलावा, तोही फुग्यांसमोर, हे कोणाला अपेक्षित नव्हतं.

"म्हणजे परत निघालीस," थोरला म्हणाला.

तो हळूच म्हणाला होता, पण त्याचा हळू आवाज क्रेनच्या माणसाला खालून ऐकू जाईल असा होता. सगळे त्याच्याकडे वळले. आपण हे बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. तो वळला आणि जायला दुसरी जागा न सुचून डब्यात चढला.

आत्याही गेली. धाकट्यानं धावत जाऊन आपली शिडी पायरीला लावली, तिला हात दिला आणि तिच्यामागून तोही आत आला. केबिनमध्ये तीन माणसं उभी राहायला जागा नव्हती. थोरला चालकाच्या बाकड्यावर बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन, एवढ्या मोठ्या देहाचा माणूस.

"तू पहाटे दार ओढून घ्यायचीस," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "मी जागा असायचो."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "झोपलेलं पोर एवढे घट्ट डोळे मिटत नाही."

"मग बोलायची का नाहीस?"

"बोलले असते तर पाय निघाला नसता. आणि पाय निघाला नसता तर खायला काय घातलं असतं तुम्हाला?"

थोरल्यानं समोरची काच बाहीनं पुसली. बारा वर्षांचा असताना त्यानं या माणसाला उठवलं होतं, धाकट्याला, जो आता खिडकीला टेकून उभा होता. उठवलं, आंघोळ घातली, भांग पाडला, शाळेत नेऊन सोडलं. रोज. आजारी असतानाही.

"मला शाळेच्या भिंतीवर बसवायचास," धाकटा म्हणाला. "आणि आत्याची गाडी आली की ती भोंगा द्यायची. सगळ्या पोरांच्या आया फाटकाशी उभ्या असायच्या. माझी एवढी मोठी गाडी घेऊन यायची. म्हणून तर मला हा डबा..."

"हो. तुझ्या वाट्याला भोंगा आला," थोरला म्हणाला. "माझ्या वाट्याला भांडी."

हे त्यानं इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की धाकटा खिडकी सोडून सरळ उभा राहिला. विमा कंपनीत इतक्या साध्या आवाजातली तक्रार त्यानं कधी ऐकली नव्हती.

"मला कधी बोलला नाहीस, दादा."

"तुला काय बोलायचं? तू पाच वर्षांचा होतास. भांग पाडताना रडायचास."

आत्यानं थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या डोक्यावर आता भांग पाडण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं. "मी दमून यायचे, आणि घर आवरलेलं असायचं. मला वाटायचं, पोरगं गुणी आहे. पोरगं पोरगंच आहे, हे माझ्या ध्यानातच यायचं नाही. आत्ता येतंय."

"म्हणून चाललीस?"

"चालले कारण मला तिथे काम आहे. इथे मी फक्त ऋतू बदलायची वाट बघते."

बाहेरून धाकटीनं हाक मारली. मंडळ अस्वस्थ झालं होतं. अध्यक्षांना पुढचा कार्यक्रम हवा होता.

"डब्याचं काय करायचं?" धाकट्यानं विचारलं. विचारलं आत्याला, पण बघितलं दादाकडे.

"काप," आत्या म्हणाली. "याची कीव नका करू. हे लोखंड आहे, वितळवून परत कामाला लागेल. मी लागतेय तसं."

थोरला धाकट्याकडे बघत राहिला. धाकट्यानं मान हलवली. मग थोरला उठताना पुटपुटला, "भोंगा काढून ठेवलाय ऑफिसात. गोणपाटात. पहिल्याच दिवशी काढला होता. पण घरात वाजवलास तर वितळवीन."

डबा कापायचा ठरला म्हटल्यावर मंडळाच्या दुःखाला पारावार राहिला नाही. ते अध्यक्षांचं दुःखाचं भाषण संपेपर्यंत टिकलं. मग कोणीतरी म्हणालं, की कापायच्या आधी नंबराची पाटी मंडळाला द्यावी. मंडळाला म्हणजे कोणाला, हा प्रश्न निघाला. अध्यक्ष म्हणाले, माझ्या दिवाणखान्यात. रिबिटवाल्या बाई म्हणाल्या, का? मायक्रोफोनवाल्यानं तो वाद टिपून ठेवला. त्या दिवसातला तेवढाच खरा आवाज त्याच्या हाती लागला. दुपारपर्यंत लोहमार्गप्रेमी मंडळाची दोन मंडळं झाली होती, आणि धाकट्यानं दोन्हीकडे जायला नकार दिला होता. तो डोळ्यांना काळी काच लावून दादाशेजारी उभा राहिला आणि कटरच्या ठिणग्या बघत राहिला. केबिन खाली आली तेव्हा त्यानं कॅमेरा काढला नाही.

घरात मात्र वेगळीच पंचाईत झाली. आत्या जाणार हे पक्कं झालं तसं दोघी जावांना तिच्याशिवाय करमणार नाही हे उमगलं. थोरलीनं चालायचं यंत्र गॅलरीत काढलं आणि खोली झाडून घेतली. धाकटीनं कन्येला सांगितलं, की जुन्या माणसांच्या सहवासात अभ्यास चांगला होतो. आत्यानं दोघींचं ऐकलं, दोघींना खूप चांगल्या आहात म्हणून सांगितलं, आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

जायच्या दिवशी दोघे भाऊ तिला स्टेशनवर पोचवायला आले. दुपारची वेळ, फलाट रिकामा. नवी गाडी आली ती न सांगता आल्यासारखी. खडखडाट नाही, धूळ नाही. धाकट्याच्या चेहऱ्यावर जरा नापसंती उमटली.

"बघ, कशी येते," आत्या कौतुकानं म्हणाली, जणू तिनंच जन्माला घातली होती.

सामान फारसं नव्हतंच. एक पेटी आणि एक पिशवी. धाकट्यानं पेटी आत ठेवली, आत्याला चढवलं आणि तो उतरला. थोरला पिशवी घेऊन फलाटावर दाराशी उभा राहिला आणि त्याला काहीतरी बोलायचं होतं. त्यानं आधी घसा खाकरला. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "गोळ्या वेळेवर..."

दार आपोआप बंद झालं. ते थांबत नाही, वाट बघत नाही, भावना वगैरे त्याला कळत नाहीत. आत्या काचेपलीकडून हातवारे करत होती, आणि थोरला पिशवी उंच धरून गाडीबरोबर चार पावलं धावला. मग गाडी गेली.

"पिशवीत काय आहे?" धाकट्यानं विचारलं.

थोरल्यानं उघडून पाहिलं. "गोळ्या. चष्मा. सपाता."

दोघे फलाटावर उभे राहिले. थोरल्याच्या आवारात ट्रक यायचा होता. धाकट्याला कचेरीत तीन अर्ज नामंजूर करायचे होते.

"तू जा," थोरला म्हणाला. "मी देऊन येतो."

"तुला गाडी कुठे बदलायची ते माहीत आहे का? मोटारीशिवाय कधी कुठे गेलायस?"

"विचारीन कोणाला तरी."

"चल, मी येतो."

पुढच्या गाडीत दोघांना शेजारी शेजारी जागा मिळाली. थोरल्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. धाकट्यानं सवयीनं डोळे मिटून मोटरचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला.

"आवाजच नाही रे हिला."

"मग गप्प बस."

त्यानं डोळे उघडले. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "दादा, मी खरंच रडायचो? भांग पाडताना?"

"बोंब ठोकायचास. शेजारीण धावत यायची. तिला वाटायचं, मी मारतोय."

"मारायचास?"

"एकदा. मग आपण दोघंही रडलो. आत्या यायच्या आत तोंडं धुतली."

हे धाकट्याला मुळीच आठवत नव्हतं. तो आणखी विचारत गेला आणि थोरला सांगत गेला. बाहेर स्टेशनं येत होती आणि जात होती, आणि गाडी कुठे बदलायची ते धाकट्याला माहीत असूनही दोघे एक स्टेशन पुढे गेले.

पोचले तेव्हा आत्या फलाटावरच उभी होती, पेटीवर एक पाय ठेवून, हाताची घडी घालून.

"एका पिशवीला दोन माणसं?" ती म्हणाली. "आणि त्यातही उशीर?"

"हा बोलत बसला," थोरला म्हणाला.

"हा?" आत्यानं धाकट्याकडे पाहिलं. मग थोरल्याकडे. मग पुन्हा धाकट्याकडे. तिनं पिशवीसाठी हात पुढे केला.

थोरल्यानं पिशवी दिली नाही. त्यानं वाकून पेटीही उचलली आणि विचारलं, "खोली कुठल्या बाजूला आहे?"